एका घोटात उघडणारं पान

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, एक पन्नाशीचा माणूस रोज दुपारी गाल फुगवून उभा असायचा. एका हातात स्टीलचा कप, दुसऱ्या हातात काच तडकलेला स्वस्तातला फोन. वर दातांचा दवाखाना होता. तिथे जाणारे लोक त्याच्याकडे सहानुभूतीने बघायचे. एका बाईंनी तर त्याला हात धरून वर नेऊन खुर्चीत बसवलं होतं. तोंडात चहा असल्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही.

ते भोजराज हटवार. आमचे भोजूभाऊ. आम्ही लोकांच्या वेबसाइटी बनवून देतो आणि भोजूभाऊ त्यासाठी टेम्प्लेट निवडायचे. टेम्प्लेट म्हणजे पानाचा तयार सांगाडा. बाजारात असे हजारो मिळतात, आपण त्यात गिऱ्हाइकाचं नाव, फोटो, पत्ता भरायचा. जिन्याच्या त्या वळणावर नेटवर्कची एकच काडी यायची. भोजूभाऊ चहाचा घोट तोंडात घ्यायचे, फोनवर पान उघडायला टाकायचे आणि थांबायचे. घोट गिळायच्या आत पान उघडलं तर टेम्प्लेट पास. नाहीतर नापास, मग ते कितीही देखणं असो.

"घोट गिळला का गिऱ्हाईक गेलं," ते म्हणायचे. "तो काय जन्मभर गाल फुगवून बसते काय गा?"

ऑफिसचा चहा त्यांना या कामाला चालत नसे. "पातळ आहे, लवकर गिळल्या जाते. पानावर अन्याव होते." म्हणून घरून थर्मास यायचा. घर म्हणजे मौद्याच्या अलीकडचं एक खेडं. रोज बसने यायचे, बसने जायचे.

मी या माणसाच्या बाबतीत एकदा गप्प बसलो. तीन वर्षं ते गप्प बसणं मी घरी, दारी, कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो. पण मी काय बिघडवलं ते कळायला आधी ते काय चीज होते ते कळायला हवं.

तरुणपणी भोजूभाऊ लकडगंजात लाकडाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर होते. टायर किती दबला ते पाहून ट्रकचं वजन सांगायचे आणि मग काटा त्यांचं ऐकायचा, असं ते स्वतःच सांगायचे. पुढे काट्यावर कॉम्प्युटर आला. बाकीचे त्याला घाबरले, भोजूभाऊ क्लासला गेले. तिथून आमच्या मॅडमनी त्यांना टायपिंगसाठी आणलं. मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. पहिल्याच आठवड्यात भोजूभाऊंनी त्यांना विचारलं, "मॅडम, तुम्ही हे टेम्प्लेट घेता, पण रिकामी गाडी तोलली काय?"

मॅडमना कळेना.

"पहिले रिकामी गाडी तोलाची. मंग माल भराचा, मंग भरलेली तोलाची. तुम्ही तर गाडीचा रंग पाहून घेऊन राहिल्या."

आणि त्यांनी दाखवलं. एक अक्षर न भरलेलं कोरं टेम्प्लेट उघडलं तरी ते ढीगभर सामान खाली उतरवत होतं. पाच तऱ्हेचे फॉन्ट, सरकणारी चित्रं, बाणांची ये-जा, आणि वापरात नसलेल्या पन्नास सोयी. गाडी रिकामी होती आणि टायर पार दबले होते. त्या दिवसापासून मॅडमनी टेम्प्लेट निवडायचं काम त्यांना दिलं. भोजूभाऊंनी एक लांबट वही सुरू केली. गिऱ्हाइकाचं नाव, टेम्प्लेटचं नाव, रिकामं वजन, भरलेलं वजन, घोट पास की नापास, आणि शेवटी सही.

त्यांची स्वतःची भाषा होती. हलक्या, साध्या टेम्प्लेटला ते धोतर म्हणायचे आणि नटव्याला शेरवानी. आपोआप सरकणाऱ्या चित्रांना आकाशपाळणा. पान उघडताच मध्ये येऊन फोन नंबर मागणाऱ्या चौकटीला जावई. "दारात पाय ठेवला का हा समोर. पहिले ह्याची सरबराई करा, मंग घरात चला."

आणि धुराडं. त्यांच्या गच्चीवरून वीज केंद्राचं धुराडं दिसायचं. कोणी पानावर व्हिडिओ टाकू म्हटलं की भोजूभाऊ खुर्ची मागे सरकवून सुरू व्हायचे. "तू हे फिरतं चित्र टाकून राहिला. ते उघडलं का कुठीतरी एक यंत्र तापते. त्याले थंड कराले दुसरं यंत्र. त्याले वीज. विजेले कोळसा. मंग संध्याकाळी मी घरी जातो त माह्यासमोर ते धुराडं. म्हंजे तुह्या हौशेचा धूर म्या पाहाचा."

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "भोजूभाऊ, आपला सर्व्हर तर परदेशात आहे. त्याचा तुमच्या धुराड्याशी काय संबंध?"

त्यांनी चष्मा वर केला. "मंग तिथंही कोणाच्या तरी गच्चीवरून धुराडं दिसतच असन ना बे?"

ते काही झेंडे घेऊन फिरणारे नव्हते. त्यांचा साळा त्याच वीज केंद्रात कामाला होता आणि प्रत्येक सणाला दाजींची फिरकी घ्यायचा. तेही कबूल करायचे, "मी कोळशाच्या विरोधात नाही. फुकट जाळाच्या विरोधात आहो." एसीचंही तेच. एप्रिलात नागपूर भट्टीसारखं तापलेलं असताना ते ऑफिसचा एसी अठ्ठावीसवर आणून ठेवायचे आणि ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसायचे. आम्ही शिव्या घालायचो. ते आम्हालाही एकेक दुपट्टा आणून देऊ का विचारायचे.

लकडगंजातले एक शेठ सोलर पॅनल विकायचे. त्यांनी येतानाच टेम्प्लेट निवडून आणलं होतं. त्याचं नावच पर्यावरणावरून ठेवलेलं. पान उघडलं की हिरवी पालवी गळायची, खाली सरकलं की झाड वाढायचं आणि मध्येच कोकीळ ओरडायची.

"अपने को ग्रीन वेबसाइट होना, भोजूभाऊ. ये देखो, कितनी ग्रीन है!"

भोजूभाऊ थर्मास घेऊन उठले. शेठला जिन्यात घेऊन गेले. थर्मासमधून दोन कप भरले. "शेठजी, घोट घ्या. गिळू नका."

दोघं गाल फुगवून समोरासमोर उभे. मी कठड्यावरून पाहत होतो. फोनवर पालवीचं एक पान गळलं. मग थांबलं. मग पालवीचं दुसरं पान गळलं. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. झाड वीतभर वाढलं आणि अडकलं. वरून दाताचा एक पेशंट उतरत होता, त्याने दोघांकडे पाहून स्वतःच्या गालावर हात ठेवला. तेवढ्यात त्या शांततेत कोकीळ ओरडली आणि शेठना हसू फुटलं. भोजूभाऊंच्या बिनबाह्यांच्या स्वेटरवर सगळा चहा.

"गिऱ्हाईक गेलं," भोजूभाऊ स्वेटर पुसत म्हणाले. "अन् माह्या अंगावरून गेलं."

मग त्यांनी शेठना एक धोतर दाखवलं. पांढरं पान, फोनमध्ये आधीपासून असलेलाच फॉन्ट, तीन लहान फोटो, वर ठळक फोन नंबर.

"ये तो नंगा है बावा," शेठ म्हणाले.

"नंगा नाही, धोतर नेसलेला आहे. शेरवानी घालून पळता येते काय कोणाले? अन् शेठ, तुम्ही ऊन विकता. उन्हाची जाहिरात कराले कोळसा जाळता काय?"

शेठनी धोतर घेतलं. पुढची तीन गिऱ्हाइकं त्यांनीच पाठवली आणि प्रत्येकाला सांगून पाठवलं, तिथे चहा मिळेल पण गिळायचा नाही.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, कंपनीतला जुना माणूस. भोजूभाऊ येण्याआधी टेम्प्लेट मी निवडायचो. त्याबद्दल राग होता असं तेव्हा मी म्हटलं नसतं. भोजूभाऊंच्या गोष्टींना सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो. पण मॅडम कुठलंही पान दाखवलं की "भोजूभाऊंनी तोललं का?" विचारायच्या, तेव्हा आत काहीतरी टोचायचं. हे मला त्या वेळी कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणून सुटायचा विचार नाही.

रामदासपेठेतच आमच्या समोरच्या गल्लीत हाडांचा एक दवाखाना होता. नवीन इमारत झाली होती आणि त्यांना वेबसाइट हवी होती. त्याच आठवड्यात भोजूभाऊंच्या मुलीचं लग्न होतं. रजेवर जायच्या दुपारी त्यांनी चार टेम्प्लेट एकापाठोपाठ एक उघडली, चार घोट घेतले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. धोतर. वर डॉक्टर बसायचे वार, फोन नंबर, पत्ता, एवढंच.

"खेड्यावरचा माणूस मोडका हात घेऊन पाहाते हे. त्याले संगमरवर नाही पाहाचा, वार पाहाचा आहे."

मग वही काढली. बसची वेळ झाली होती. लग्नाच्या पिशव्या टेबलावर, त्यातून बस्त्याचं एक लुगडं बाहेर आलेलं. त्यांनी कोऱ्या ओळीच्या शेवटी सही केली. "नाव अन् वजन तू लिहून घेजो, अवी. मले बस पकडाची आहे."

लकडगंजात इतकी वर्षं काढली पण कोऱ्या पावतीवर या माणसाने कधी सही केली नव्हती. हे ते अभिमानाने सांगायचे. आयुष्यातली पहिली कोरी सही त्यांनी माझ्यासमोर केली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांचा फोन आला. मला म्हणाले, "आमची लॉबी दिसली पाहिजे हो. मार्बल बाहेरून मागवलंय. उघडल्याबरोबर व्हिडिओ पाहिजे, कॅमेरा असा फिरत फिरत..." मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही. भोजूभाऊंना येत होतं आणि ते लग्नात होते. मी चारातलं पहिलं टेम्प्लेट घेतलं, शेरवानी, आणि त्यात लॉबीचा व्हिडिओ भरला. इथपर्यंत फार तर नोकरीतला लाचारपणा म्हणता आला असता.

पण मग मी वही उघडली. कोऱ्या ओळीत शेरवानीचं नाव लिहिलं, बरं दिसेल असं वजन टाकलं, पुढे 'पास' लिहिलं. शेवटी सही त्यांची. का? मॅडमनी विचारलं तर एकट्यावर येऊ नये म्हणून. इतकं साधं आणि इतकं हलकट.

लग्न झालं. भोजूभाऊ बुंदीचे लाडू घेऊन परत आले. दवाखान्याचं पान तोवर सुरू झालं होतं, त्यांनी ते उघडून पाहिलं नाही. आपण तोललेली गाडी ते पुन्हा तोलत नसत. उलट लग्नात नव्या व्याह्यांना सांगून आले होते, "हाड मोडलं त आपल्या पानावर पाहा. एका घोटात उघडते."

थोड्याच दिवसांत व्याह्यांना म्हशीने ढकललं. मनगट मोडलं. त्यांनी पान उघडलं. लॉबी फिरायला लागली, अडकली, परत पहिल्यापासून फिरायला लागली. वार काही दिसेना. शेवटी ओढणीच्या झोळीत हात घालून ते बसने नागपूरला आले. तो नेमका डॉक्टरांच्या सुट्टीचा वार. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी भोजूभाऊंना फोन केला. भोजूभाऊ गल्ली ओलांडून धावत गेले. मागोमाग मीही गेलो.

व्याह्यांनी हात सावरत पायरीकडे बोट दाखवलं. "व्याही, तुमच्या पानात हा संगमरवर लई वेळ पाह्यला. डॉक्टर काही दिसला नाही. म्हटलं, समोरासमोर पाहून येतो, खरा आहे का."

ते हसत होते, पण मुलीच्या सासऱ्याचं हसणं होतं ते. भोजूभाऊंनी त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन प्लास्टर करून आणलं, बसमध्ये बसवून दिलं, मग ऑफिसात आले आणि सरळ वही काढली. मॅडम होत्या. मी होतो.

ती ओळ त्यांनी पुष्कळ वेळ पाहिली. सहीवर अंगठा घासला, जसा काही तो डाग असावा.

"सही त माहीच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाजात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. "अवी, म्या तुले कोणतं सांगतलं होतं गा? चारही एकसंग उघडले होते. धांदलीत उलटसुलट त नाही बोललो?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या.

मी म्हणालो, "आता नीट आठवत नाही, भोजूभाऊ."

त्यांनी मान हलवली. "मीच चुकलो असन. लग्नाचं डोकं होतं."

मॅडम काही वाईट बोलल्या नाहीत. फक्त टेम्प्लेटचं काम मला परत दिलं, भोजूभाऊंना थोडा आराम म्हणून. ते जिन्यात जायचे थांबले. थर्मास यायचा, पण त्यातला चहा ते सगळ्यांसारखा टेबलावर बसून प्यायचे. महिनाभराने म्हणाले, रोजचा बसचा प्रवास झेपत नाही, आणि गेले. दातांच्या दवाखान्यातल्या बाईंनी मला विचारलं, "ते काका बरे झाले वाटतं?"

मी एकदा जिन्यात जाऊन गाल फुगवून पाहिले. घोट लगेच घशाखाली गेला. पान उघडायला टाकायचंच राहिलं. पुढे मी तीन वर्षं भराभर शेरवान्या निवडल्या, कोणी तक्रार केली नाही. दवाखान्याच्या पानात तर वर्षभराने लॉबीच्या जोडीला कारंजंही आलं.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी गाडी काढली आणि मौद्याच्या रस्त्याला लागलो. दोनदा परत फिरलो. दुसऱ्यांदा फिरलो ते पेट्रोल भरायला, असं स्वतःला सांगितलं.

भोजूभाऊ अंगणात बाजेवर शेंगा सोलत बसले होते. मला पाहून खूश झाले. "अबे अवी! ये ना बे! ऐकलं काय वं, नागपूरचा पाहुणा आला, चहा मांड!" केस पांढरे झाले होते, स्वेटर तोच. आता धानाच्या मिलमध्ये काट्यावर असतात म्हणाले.

त्यांच्या बायको, आमच्या काकू, पाणी घेऊन आल्या. त्यांनी सहज सांगितलं, "पण हे आता परतेक गाडी दोनदा तोलतेत. ट्रकवाले बोंबलतेत. मी म्हणते, काहून जी, एवढा जन्म काट्यावर गेला? त म्हणतेत, माह्यावर माहाच भरोसा नाही राह्यला."

भोजूभाऊ शेंगा सोलत राहिले. "होते वयामानानं."

मग मी सांगितलं. सगळं. तिसरं टेम्प्लेट, डॉक्टरांचा फोन, वही, वजन, 'पास', आणि आठवत नाही म्हणालो ते. सांगताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, टोपलीतल्या शेंगांकडे पाहिलं.

"म्हंजे म्या तिसरंच सांगतलं होतं?"

"हो."

"धोतर?"

"धोतर."

ते बाजेवरून उठले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ऐकलं काय वं! म्या चुकलो नव्हतो! धोतरच सांगतलं होतं म्या!" काकू चहाची गाळणी हातात घेऊन दारात आल्या आणि भोजूभाऊ त्यांना पुन्हा सांगू लागले, तिसरं, तिसरंच, बोट ठेवलं होतं, याच बोटानं. ते बोट त्यांनी वर धरलं होतं. माझ्यावर रागवायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दोन मिनिटांइतकी लाज मला आधी कधी वाटली नाही आणि नंतरही नाही.

मग लक्षात आलं.

"अबे गधड्या," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन वर्सं? तीन वर्सं मी एकेक ट्रक दोन-दोनदा तोलून राहिलो, अन् तू तिथी एसीत बसून राहिला?" मग पाच मिनिटं त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे देता येणार नाहीत. काकूंनी चहा ओतता ओतता त्यात दोन भर घातल्या.

मग काकूंच्या फोनवरून व्याह्यांना फोन लावला. "बोल. त्याईलेही सांग." मी व्याह्यांना सगळं पुन्हा सांगितलं. व्याही पलीकडून शांतपणे म्हणाले, "मंग त्या पोराले म्हणा, म्हशीची चूक नव्हती."

"ठेवू नका फोन," भोजूभाऊ त्यांना म्हणाले, "साक्षीले राहा." काकूंचा फोन बाजेवर ठेवला, स्पीकर चालू. मग चहाचा कप माझ्या हातात दिला आणि स्वतःचा तोच तडकलेला फोन खिशातून काढला.

"घे घोट. गिळू नको. तुले गप बसाची सवय आहेच."

मी घोट घेतला. दाट, गोड, आल्याचा.

"आता हे तुह्या दवाखान्याचं पान उघडून राहिलो मी. ते उघडेपर्यंत गिळाचं नाही. वार दिसला का माफ."

ते फोनकडे पाहत थांबले. अंगणात काडी येईना. भिंतीशी गेले. मग शिडी चढून गच्चीवर गेले. मी खाली गाल फुगवून उभा, काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, बाजेवरच्या फोनमधून व्याही विचारत होते, "काय झालं? गिळलं काय त्यानं?"

खालून मला भोजूभाऊ दिसले ते असे: गच्चीच्या कठड्याशी उभे, फोन धरलेला हात होईल तितका वर, मागे दूर धुराड्यातून संथ धूर, आणि चेहऱ्यावर जिन्याच्या वळणावरचं ते जुनं, खात्रीचं हसू.

"संगमरवर आला!" ते वरून ओरडले. "कारंजं येऊन राहिलं! डॉक्टर अजून बाकी आहे, धीर धर!"

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं.